कोंबडी ठणठणीत असते हीच तर पंचाईत

पोल्ट्रीच्या शेडवर गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, मर किती (म्हणजे किती पक्षी दगावले) आणि वजन किती. मीही बरीच वर्षं तेच विचारत आलो, मर कमी असली की बॅच चांगली, विषय संपला. पण साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या हिशोबात येतच नाहीत, कारण माणसाला जुलाब-तापाने आडवं करणारे हे जंतू कोंबडीच्या आतड्यात बहुतेक वेळा निवांत बसून असतात. ती खातेपिते, वजन धरते, रजिस्टरमध्ये काहीच उमटत नाही. त्यात कॅम्पिलोबॅक्टरला ४२ अंशाच्या आसपास वाढायला आवडतं आणि कोंबडीचं अंगही जवळपास तेवढंच गरम, म्हणजे हक्काचं घरच की.

दोघांची चाल मात्र वेगळी. साल्मोनेला एंटेरिटिडिस कोंबडीच्या अंडाशयापर्यंत पोचतो आणि कवच चढायच्या आधीच अंड्यात शिरू शकतो, मग ते अंडं वरून कितीही घासून धुवा. म्हणून त्याचा बंदोबस्त ब्रीडर फार्म (उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं फार्म) आणि हॅचरी (अंडी उबवण्याची जागा) इथपासून करावा लागतो. इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे १९७३ साली फिनलंडमधल्या नुर्मी आणि रंटाला यांनी मांडलेली युक्ती. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही, त्याचं आतडं रिकामं, जो पहिला येईल तो जागा पकडणार. त्यांनी मोठ्या निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातले जीवाणू पिल्लांना पाजले, आणि साल्मोनेलाला बसायला जागाच उरली नाही. रेल्वेत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच!

कॅम्पिलोबॅक्टर बहुतेक वेळा बाहेरून येतो, दोन-तीन आठवड्यांनंतर, बुटांवरून, माश्यांवरून, पाण्यातून. एका पक्ष्याला लागला की काही दिवसांत अख्खी शेड. दाराशी फूटबाथ, म्हणजे बूट बुडवायला औषधाच्या पाण्याचं भांडं, असतो हो, पण चिखलाचा बूट त्यात बुडवून काही होत नाही, शेण-मातीत औषधाचा जोरच जातो, आणि घाईत असलो की मीसुद्धा त्यावरून सरळ उडी मारून गेलोय, लपवत नाही. त्यापेक्षा शेडचे वेगळे बूट दाराच्या आतच ठेवलेले बरे, बाहेरचे बाहेर.

आणि सगळी मेहनत पाण्यात जाते ती लिफ्टिंगच्या, म्हणजे कत्तलीसाठी पक्षी उचलण्याच्या दिवशी. अर्धी बॅच उचलली, उरलेली वाढवायला ठेवली, तर पकडणारी माणसं आणि नीट न धुतलेले क्रेट शेडभर फिरून गेलेले असतात, मग त्या उरलेल्यांचं काय सांगायचं. खाद्य काढण्याची वेळही तशीच, कत्तलीपर्यंत साधारण ८ ते १२ तास उपाशी ठेवायचं, कमी पडलं तर आतडी भरलेली राहतात, जास्त झालं तर पक्षी लिटर, म्हणजे खाली अंथरलेला भुसा, टोचून खातात, आतडं नाजूक होतं आणि साफ करताना फाटतं. एक फाटलं की घाण पुढच्या दहांना लागते, चिलरमध्ये (कापलेले पक्षी थंड करायच्या टाकीत) काय क्लोरीन टाकायचं ते टाका.

हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘शिजवल्यावर मरतातच ना सगळे’. मरतात, आतपर्यंत ७४ अंश गेलं तर मरतात. पण शिजवायच्या आधी ते चिकन नळाखाली धुतलेलं असतं आणि थेंब शेजारी चिरून ठेवलेल्या कच्च्या भाजीवर उडालेले असतात, ती भाजी कोण शिजवणार?