नारळ आमचा, गाडी कंपनीची

"गाडीच्या आरसी बुकवर नाव कुणाचं?" वाईला घाटावर, ढोल्या गणपतीच्या समोर, गुरुजींनी संकल्प सांगण्याआधी सहज विचारलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गाडी मी उचलून आणली होती. खरं उत्तर लांबलचक होतं. गाडी भाड्याने गाड्या देणाऱ्या एका लीजिंग कंपनीची, तिने ती माझ्या ऑफिसला दिलेली, ऑफिसने मला. त्या कंपनीचं गोत्र काय सांगणार, कपाळ! गुरुजीच म्हणाले, "चालवणार कोण? तुम्हीच ना? मग तुमचं नाव घ्या." चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आणि टाटाची ही इलेक्ट्रिक टियागो ईव्ही इतकी गुपचूप पुढे सरकली की फुलवाल्या आजी "अगं बाई!" म्हणत बाजूला झाल्या.

अण्णांचा हिशोब पहिल्या दिवसापासून एकच आहे. लीजचं भाडं महिना २३ हजार, ४८ महिने, म्हणजे ११ लाखांच्या वर. "आणि शेवटी हातात काय? भोपळा." आकडा चुकीचा नाही. पण त्यात इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर सगळं आलं, डाउन पेमेंट शून्य, आणि पैसे पगारातून कर कापायच्या आधी जातात. मी कराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात बसतो, त्यामुळे गाडी घेतली तेव्हाच्या नियमाने महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास करच वाचायचा. याची एक गंमत. गाडीच्या वापराबद्दल करासाठी पगारात जी रक्कम धरायचे ती तेव्हा इंजिनावर ठरायची, १६०० सीसीपर्यंत महिना १८०० रुपये, पुढे २४००. एचआरमधल्या मुलीचा फोन आला, "सर, सीसी किती लिहू?" म्हटलं, इंजिनच नाही. दोन दिवस फॉर्म तसाच पडून होता. शेवटी तिने शून्य लिहिलं, तेव्हा कुठे सिस्टिमने तो घेतला.

विकत का नाही घेतली? मला बॅटरीची भीती नव्हती, तिला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहेच. भीती होती ती विकताना येणाऱ्या किमतीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागो ईव्हीच्या किमतीत ७० हजारांपर्यंत कपात झाली, एमजीच्या कॉमेट या छोट्या इलेक्ट्रिक गाडीचीही किंमत त्याच महिन्यात उतरली. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप पडतो. चार वर्षांनी ही गाडी केवढ्याला जाईल, ही डोकेदुखी २३ हजारांत मी दुसऱ्याच्या गळ्यात बांधली, एवढंच.

कॉमेटही पाहिली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिची योजना आली होती, गाडी ४ लाख ९९ हजारांना आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला अडीच रुपये. माझ्या अकराशे किलोमीटरला महिना २,७५० रुपये, वाईट नाही. लांबी तीन मीटरच्या आत, धायरीच्या गल्लीत रिक्षासारखी वळेल. पण दारं दोनच. अण्णांचा गुडघा घेऊन मागच्या सीटवर जायचं म्हणजे योगासनच. शोरूममध्ये त्यांनी एकदा प्रयत्न केला, एक पाय आत, एक बाहेर, आणि तिथूनच म्हणाले, "चल घरी."

धायरी ते हिंजवडी रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रात्री लावायची, सकाळी काढायची. टाटाने गाडी बाजारात आणली तेव्हा एका चार्जवर ३१५ किलोमीटर सांगितले होते, मला गावात एसी लावून १९०-२०० मिळतात. विजेच्या बिलात महिन्याला दीडशे युनिट वाढली.

खरी कसोटी वाईची. पहिल्या फेरीत शंभर टक्क्यांवर निघालो, शिरवळपर्यंत छान, खंबाटकी चढताना आकडा पेट्रोल पंपावरच्या मीटरसारखा पळायला लागला. सुरूर फाट्याला उतारावर एखाद-दोन टक्के परत मिळाले. दारात पोहोचलो तेव्हा ४८. अण्णांच्या घरात १५ अँपिअरचा पॉइंट एकच, न्हाणीघरातल्या गिझरचा. खिडकीतून केबल ओढली, प्लग लावला, तर चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग नाही. चाळीस वर्षं त्या घरात गिझर, मिक्सर, इस्त्री सगळं चाललं, कुणी विचारलं नव्हतं. गल्लीतला वायरमन आला, परसात खड्डा खणला, पट्टी टाकली, वर मीठ-कोळशाचे थर देऊन पाणी ओतलं. संध्याकाळी दिवा हिरवा. तोवर गिझर बंद, अण्णांनी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढायला लावला आणि त्याच पाण्याने आंघोळ करून म्हणाले, "गाडीच्या कृपेने बऱ्याच वर्षांनी नीट पाणी मिळालं."

लीजमध्ये खुपतं ते एकच. वर्षाला १५ हजार किलोमीटरची मर्यादा आहे, ती मला पुरते. मधेच सोडायची तर फोरक्लोजरचा दंड आहे, नोकरी बदलायचा विचार आला की आधी तो आठवतो, पण तेही चालतं. खुपतं ते परत देताना होणारं इन्स्पेक्शन. करारात लिहिलंय, 'नेहमीची झीज' चालेल. नेहमीची म्हणजे किती, ते कुठेच नाही. गेल्या महिन्यात पार्किंगच्या खांबाला मागचा बंपर घासला, बोटभर ओरखडा. मी तारीख दिसेल असा फोटो काढला, रंगाची टचअप बाटली आणली, रविवारची सकाळ मांडी घालून त्यावर ब्रश फिरवत बसलो. अण्णा गॅलरीतून बघत होते.

"स्वतःच्या स्कूटरचा आरसा तुटलाय दोन वर्षं," ते म्हणाले, "तो कधी लावणार?"