३ ओहमच्या स्पीकरांना रिसीव्हर शोधताना (माझा अनुभव)

आमच्याकडे २०११ च्या दिवाळीत घेतलेलं एक होम थिएटर होतं. पाच चिमुकले स्पीकर, एक लाकडी सबवूफर आणि मधे डीव्हीडी प्लेअर, ज्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर. खोक्यावर भलंमोठं १००० वॅट लिहिलेलं, ते खोकं मी चार वर्षं माळ्यावर जपून ठेवलं होतं एवढा अभिमान. गेल्या पावसाळ्यात एका रात्री लाईट दोनदा गेली आली आणि तेव्हापासून तो डबा लाल दिवा लावून गप्प बसला तो बसलाच. रिपेअरवाल्याने उघडून बघितला, म्हणाला आतली आयसी गेलीय आणि ती आता मिळत नाही. स्पीकर मात्र ठणठणीत. मग मी म्हटलं सोपं आहे, नुसता एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना ताकद देणारा डबा) घेऊ आणि हेच स्पीकर लावू. हे "सोपं आहे" पुढे अडीच महिने चाललं.

पहिल्या शनिवारी एका मोठ्या शोरूमला गेलो. तिथल्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, स्पीकर किती वॅटचे आहेत?" मी छाती फुगवून सांगितलं १०००. मग तो म्हणाला मग हा घ्या, १३५ वॅट पर चॅनेल, म्हणजे एकेका स्पीकरला. मला पटलंही होतं जवळजवळ, पण बायको सोबत होती आणि ती खोक्याची बाजू वाचत उभी होती, तिने विचारलं की इथे खाली बारीक अक्षरात ७० का लिहिलंय? तो मुलगा म्हणाला ते वेगळं असतं मॅडम. वेगळं म्हणजे काय ते त्याला सांगता येईना, मलाही येईना.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं. मशीन एकच पण त्याचे वॅट तीन प्रकारे सांगता येतात. १३५ म्हणजे एकच चॅनेल चालू, आवाज फक्त १ किलोहर्ट्झचा, आणि डिस्टॉर्शन १० टक्के, म्हणजे आवाज फाटेपर्यंत ताणल्यावरचा आकडा. ७० म्हणजे दोन चॅनेल एकदम चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पूर्ण पट्टा आणि डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत. खरा आकडा तो. आणि पाचही चॅनेल एकदम पेटले की त्याहूनही कमी, कारण आतला ट्रान्सफॉर्मर एकच, तो किती जणांना वाढणार. मग माझ्या जुन्या १००० वॅटवाल्या डब्याची मागची पट्टी बघितली. पॉवर कंझम्प्शन १३० वॅट! भिंतीतून १३० घेऊन स्पीकरला १००० कुठून देणार होता देव जाणे. बायकोला हे दाखवल्यावर तिने फक्त भुवया वर केल्या, ते खोकं हौसेने मीच आणलेलं ना.

बरं, पण वॅटचं कोडं सुटलं तरी खरी गोम स्पीकरच्या पाठीवर होती. तिथे छोटं स्टिकर, धुळीने काळं झालेलं, ओल्या फडक्याने पुसलं तर खाली लिहिलेलं ३ ओहम, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप. आणि साधारण रिसीव्हरच्या मागे स्पीकरच्या टर्मिनलपाशी काय छापलेलं असतं तर ६ ओहम मिनिमम, काहींवर ४ ओहम ते १६ ओहम. ३ कुठेच नाही. हे खोक्यातले सेट असतात ना, त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकमेकांसाठीच बनवलेले असतात, कमी व्होल्टेजवर जास्त वॅट काढायचे म्हणून ओहम मुद्दाम कमी ठेवतात. ओहम अर्धे झाले की त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट ओढला जातो, आणि तो करंट पुरवताना रिसीव्हरचा घाम निघतो.

हे सगळं वाचूनसुद्धा मी एक शहाणपणा केला. ऑफिसातल्या मित्राकडे एक रिसीव्हर पडून होता, तो दोन दिवसांसाठी मागून आणला. माझ्या स्पीकरना रंगीत प्लास्टिकचे प्लग होते, ते कुठल्याच रिसीव्हरला बसत नाहीत, ते सरळ कापले, वायर सोलली आणि टर्मिनलला पिळून बसवली. लागलं की! आवाजही छान येत होता. म्हटलं उगाच घाबरवतात लोक. थोडा आवाज वाढवला, अजून थोडा, दहा बारा मिनिटं झाली असतील, आणि आतून टक् असा रिलेचा आवाज आला आणि सगळं बंद. डिस्प्लेवर प्रोटेक्ट, म्हणजे मशीनने स्वतःला वाचवायला बंद केलेलं. वरच्या जाळीवर हात ठेवला तर तव्यासारखी तापलेली. दुसऱ्याची वस्तू हो, माझे तर हातपायच गळाले. टेबल फॅन लावून अर्धा तास त्याच्यासमोर बसलो होतो, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसा. चालू झाला नशिबाने. दुसऱ्या दिवशी तसाच गुंडाळून परत केला आणि मित्राला हे आजतागायत सांगितलेलं नाही.

मग तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात राहून इलेक्ट्रॉनिक्सचा काही प्रश्न असेल आणि माणूस तपकीर गल्लीत गेला नाही असं होत नाही. तिथे एका बोळातल्या जिन्याखाली एक काका बसतात, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात, टेबलावर सोल्डरिंगचा धूर आणि कोपऱ्यात रेडिओ चालू. त्यांना एक स्पीकर दाखवला. मी आधीच अक्कल चालवून विचारलं की काका प्रत्येक स्पीकरला ३ ओहमचा रेझिस्टर सीरिजमधे, म्हणजे एकामागे एक, लावला तर ६ होतील ना? ते म्हणाले, "होतील की. अर्धी ताकद त्या रेझिस्टरला तापवण्यात घालव मग. थंडीत हात शेकायला बरं." मग त्यांनी विचारलं असे एकूण किती आहेत, चार एकसारखे आहेत का? होते, समोरचे दोन आणि मागचे दोन अगदी सेम, स्टिकरवरचा नंबरही सेम. "मग एकाला एक जोड. ३ आणि ३ सहा. मागच्या डाव्याला दोन, मागच्या उजव्याला दोन. पुढे मात्र चांगले घे, पुढे हे चिल्लर ठेवू नको."

मी जागीच उभा राहिलो. इतके दिवस एवढं वाचून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, रेझिस्टरच्या जागी दुसरा स्पीकरच लावायचा!

सबवूफरचं त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं. माझा सब पॅसिव्ह, म्हणजे त्यात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नाही, आणि रिसीव्हरच्या मागे सबवूफर आऊट म्हणून जे एक भोक असतं त्यातून नुसता सिग्नल येतो, ताकद नाही. त्याला अ‍ॅक्टिव्ह सब लागतो, ज्याची स्वतःची पिन भिंतीत जाते. तेव्हा सब नवीन, सेंटर (मधला स्पीकर) नवीन, पुढचे दोन नवीन, आणि जुने चार मागे. घरी आल्यावर बायको म्हणाली साऊंडबार घेतला असता तर एव्हाना तीन सिनेमे बघून झाले असते. खरं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

आता रिसीव्हर नेमका कुठला. माझा न्यू जर्सीचा मावसभाऊ डिसेंबरमधे येणार होता, तो म्हणाला दादा इकडे रिफर्बिश्ड चांगले मिळतात, बॅगेत टाकून आणतो. किंमत ऐकून मन पाघळलं. पण तिकडचं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. थेट लावलं तर गेलंच. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तोही चांगल्या दमाचा, म्हणजे परत पाच सहा किलोचं धूड टीव्हीखाली, शिवाय इथे वॉरंटी नाही, आणि रिसीव्हर स्वतःच आठ-दहा किलोचा, त्या वजनात त्याने काकूच्या गोळ्या आणि मुलांची चॉकलेटं आणायची की हे. नको म्हटलं.

मग वॅटचा हिशोब कागदावर मांडला, आणि हा भाग मला खरंच आवडला. पुढचे जे बुकशेल्फ स्पीकर मी ऐकून पसंत केले होते ते ६ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप), म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डीबी आवाज. आमचा हॉल अकरा बाय सोळा फुटांचा, सोफा स्पीकरपासून साधारण ३ मीटर. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर ६ डीबी कमी होतो, ३ मीटरला साडेनऊ धरा, म्हणजे १ वॅटला सोफ्यावर साडेसत्याहत्तर. मला तिथे ९० पाहिजेत, तेही धाडधाड स्फोटाच्या वेळी, फ्लॅटमधे त्यापुढे गेलो तर खालचे आजोबा काठीने छत ठोकतात. ९० साठी १८ वॅट. अठरा! मी १३५ का १४५ करत महिना घालवला होता. आणि गंमत म्हणजे वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डीबी वाढतात, ७० वरून १४० वर गेलो तर कानाला "थोडं जास्त" एवढंच. त्याऐवजी ३ डीबी जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला की तेवढंच काम फुकटात. हेच जर ८१ डीबीवाले छोटे नाजूक स्पीकर असते तर चौपट वॅट लागले असते, तेव्हा हे दोन्ही बरोबरच बघायला लागतं.

मग रिसीव्हर निवडताना मी इतकंच बघितलं की ६ ओहमला चालतो का, पाच चॅनेल आहेत का, टीव्हीशी एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज त्याच केबलने उलट रिसीव्हरकडे आणणारी सोय) बोलतो का, आणि सोबत माईक देऊन रूमप्रमाणे आवाज लावून देतो का. अ‍ॅटमॉसचा मोह झाला होता (वरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत), पण ५.१.२ म्हणजे पाच स्पीकर, एक सब आणि वर दोन, सब सोडून सात चॅनेल आणि छतात दोन भोकं, भाड्याच्या घरात मालक मला भोक पाडेल. शेवटी यामाहाचा साधा ५.१ वाला घेतला, तोच ७० वाला. त्याच्या मेनूत स्पीकर इम्पीडन्स ६ ओहम करायची सेटिंग आहे, डेनॉनचाही एक आवडला होता पण तो दुकानात नव्हता आणि मला आता धीर नव्हता.

वायरमधे एकदा फसता फसता वाचलो. दुकानदार स्वस्तात ३० मीटरचा रोल देत होता, मी ब्लेडने एक तार खरवडली तर आतून पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खरं तांबं घेतलं, पुढच्यांना १६ गेज, मागे भिंतीच्या कडेने लांबून जायचं म्हणून १४ गेज (आकडा लहान तशी तार जाड). जुन्या जोड्या अशा जोडल्या की रिसीव्हरचा लाल पहिल्याच्या प्लसला, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस परत काळ्याला. मल्टीमीटरने डीसी रेझिस्टन्स साडेपाचच्या आसपास दाखवला तेव्हा बरं वाटलं, मीटर नेहमी ओहमच्या छापील आकड्यापेक्षा थोडं कमीच दाखवतं.

चालू केल्यावर पहिली तासभर फजिती टीव्हीची. नुसता डावा उजवा आवाज, मागचे मुके. आधी कळलं की टीव्हीच्या तीन एचडीएमआयपैकी एकावरच बारीक एआरसी लिहिलेलं असतं आणि मी केबल शेजारच्यात घातलेली. ती बदलली तरी तेच. मग टीव्हीच्या साऊंड मेनूत डिजिटल आऊटपुट पीसीएम होतं, म्हणजे टीव्ही स्वतःच पाचाचे दोन करून पाठवत होता. ते ऑटो केलं आणि रिसीव्हरवर डॉल्बी डिजिटल प्लस अशी अक्षरं उमटली, आणि मागून पाऊस पडायला लागला. सीनमधला. बायकोने खरंच मान वळवून खिडकीकडे बघितलं, त्या एका सेकंदासाठी माझे अडीच महिने वसूल.

माईकचं काम राहिलं होतं. यामाहात त्याला वायपाओ म्हणतात, डेनॉनमधे ऑडिसी असतं, काम तेच. सोफ्यावर कानाच्या उंचीला माईक ठेवायचा, गप्प बसायचं, प्रत्येक स्पीकर फूंss करून आवाज काढतो आणि मशीन अंतर, पातळी सगळं मोजतं. पहिल्या वेळी मधेच कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या वेळी मशीनने मागच्या डाव्याला आऊट ऑफ फेज म्हणून सांगितलं, बघतो तर खरंच त्या जोडीच्या प्लस मायनसची मी अदलाबदल केलेली. तिसऱ्या वेळी सगळं नीट, पण सब साडेचार मीटर लांब दाखवला. सब तर अडीच मीटरवर! मी टेप घेऊन मोजलं, हाताने अडीच टाकलं आणि बास एकदम पोकळ झाला. नंतर कळलं की सबच्या आतलं सर्किट सिग्नलला थोडा उशीर लावतं, आणि मशीन तो उशीर अंतर धरून मोजतं, तेव्हा त्याचं साडेचारच बरोबर. पुन्हा मोजणी केली, यावेळी बायकोला आणि कुकरला दोघांनाही विनंती करून.

आता तीन महिने झाले. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा जड आवाज सबकडे जातो ती रेषा) ८० हर्ट्झवर ठेवलाय, मागच्या छोट्यांना १२० वर, त्यांच्याच्याने जड आवाज होत नाही. रिसीव्हर आधी टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवला होता, तो प्रोटेक्टवाला टक् आठवला आणि बाहेर काढून वर मोकळा ठेवला. जुना पॅसिव्ह सब बाल्कनीत आहे, त्यावर आईने मनीप्लांट ठेवलाय. जुन्या पाचातला सेंटरवाला मात्र एकटाच उरलाय ड्रॉवरमधे, ३ ओहम, त्याला जोडी नाही. कोणाकडे तसला एखादा पडून असेल तर द्या, किचनमधे रेडिओसाठी एक सहा ओहम होतील.