पाडवा, युकर आणि मिशिगनवालीची खुर्ची

३० मार्च २०२५, रविवार, रात्रीचे साडेदहा

आज पाडवा. सकाळी साडेसातला गुढी उभारली. इथे प्रत्येक घराच्या कारपोर्टच्या खांबाला झेंडा लावायची एक तिरकी नळी ठोकलेली असते, त्यातच काठी अडकवली, त्यामुळे गुढी आपोआप रस्त्याकडे झुकते, अगदी वेंगुर्ल्याच्या घरी खिडकीतून झुकायची तशी. तांब्या आणि साखरेच्या गाठी कॅनडातल्या घरून, मिसिसागाहूनच आणलेल्या, साडी माझीच हिरवी. कडुलिंब काही मिळाला नाही पण आंब्याची डहाळी ताजी, समोरच्या बारमाही शेजारणीच्या झाडाची.

बारमाही हा माझा शब्द. इथे, म्हणजे फ्लोरिडात व्हेनिसच्या समुद्रापासून दहा मिनिटांवर, आमच्या या पंचावन्नच्या वरच्यांच्या पार्कात, म्हणजे घरांच्या वसाहतीत, दोन प्रकारची माणसं राहतात, वर्षभर राहणारी आणि आमच्यासारखी थंडीत येणारी, ज्यांना सगळे स्नोबर्ड म्हणतात. आमचा हा नववा हिवाळा. २०१५ ला पहिल्यांदा आलो, मधला २०२०-२१ चा हिवाळा गेला कारण लँड बॉर्डर बंद होती आणि गाडी नेता येत नव्हती. यावेळी ३ नोव्हेंबरला आलो, ८ एप्रिलला निघणार, म्हणजे १५७ दिवस. हे आकडे तोंडपाठ असावेच लागतात. ऑन्टारिओच्या बाहेर बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर तिथलं हेल्थ कव्हर जाऊ शकतं, आणि अमेरिकेत १८२ च्या आत राहायचं, शिवाय दरवर्षी तो ८८४० नंबरचा फॉर्म भरायचा की बाबांनो आमचं खरं घर कॅनडातच आहे. आमच्या ह्यांनी फ्रिजवर कॅलेंडर लावलंय, रोज रात्री एक फुली. मला पूर्वी त्या फुल्यांचा राग यायचा. आता येत नाही पण मार्च उजाडला की मी फ्रिजकडे बघायचं टाळते एवढं खरं.

इथे लोक एकमेकांना गावानं ओळखतात. ओहायोवाले, इंडियानावाले, मिशिगनवाली, ऑन्टारिओतल्या सडबरीचं जोडपं. बहुतेक सगळे वरून सरळ खाली आलेले, कारण आय-७५ हा हायवे मिशिगन ओहायोकडून निघून इकडे गल्फच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या, बाजूला उतरतो, आणि न्यूयॉर्क न्यूजर्सीवाले आय-९५ ने पलीकडे अटलांटिकच्या किनाऱ्याला जातात. क्वेबेकची मंडळीही जास्त करून तिकडेच, फ्लोरिडातल्याच हॉलिवूड हॅलंडेलच्या बाजूला. रस्ता जिथे नेतो तिथे माणसं वसतात, कोकणातही घाट जिथे उतरतो तिथेच बाजारपेठ झाली ना. आणि हे थंडीत खाली यायचं फॅड आजचं नाही. १९१९ मध्येच टँपाच्या डिसोटो पार्कात गाड्यांना तंबू बांधून राहणाऱ्या लोकांनी टिन कॅन टूरिस्ट नावाचा क्लब काढला होता. रिंगलिंगची सर्कससुद्धा १९२७ पासून थंडीत सॅरासोटाला मुक्कामाला यायची, मग १९६० ला व्हेनिसला आली, हत्तीबित्ती सगळे. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, आपण काही जगावेगळं करत नाही असं.

आठवडा कसा जातो तर सोमवारी पूलमध्ये व्यायाम, बुधवारी बिंगो, शनिवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये कॉफी डोनट आणि सूचना, महिन्यातून एकदा पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण. पॉटलकला कागद लागतो, आडनावाच्या अक्षराप्रमाणे कुणी सॅलड, कुणी गोड. माझे बटाटेवडे आता ठरलेलेच, कुठल्याही अक्षराला, कारण पहिल्या वर्षी चाळीस नेले आणि पाच मिनिटांत ताट रिकामं. संक्रांतीला तिळगूळ वाटते. गोड बोला हे इंग्रजीत समजावून सांगायला पहिल्या वर्षी जड गेलं, आता तेच लोक जानेवारी लागला की विचारतात कधी देणार.

पण माझा जीव अडकलाय मंगळवारच्या पत्त्यांत. युकर म्हणतात त्याला. ऑन्टारिओ मिशिगन ओहायो इंडियाना, या पट्ट्यात घराघरात खेळतात, आणि मिसिसागात इतकी वर्षं राहून मला तो कुणी शिकवला नव्हता, तो शिकले फ्लोरिडात. नव्वीपासून एक्क्यापर्यंत चोवीसच पानं, चौघं, समोरासमोरचे भिडू. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हुकूम समजायला काही वेळ लागत नाही पण इथे गंमत अशी की हुकमाचा गुलाम सगळ्यात मोठा, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच रंगाचा दुसरा गुलाम, तो त्या डावापुरता आपलं घर सोडून हुकमात येऊन बसतो. एक्का तिसरा. मला हे समजावलं मिशिगनवालीनं. ती तेव्हा पंचाहत्तरची, आता चौऱ्याऐंशी. हातात हात धरून पानं लावायला शिकवली. तेव्हापासून ती माझी भिडू.

आणि आमच्याविरुद्ध खेळायचे ओहायोचे आजोबा. त्यांची दुसरी ओळख शंख. रोज संध्याकाळी आम्ही दहा-बाराजण घडीच्या खुर्च्या घेऊन बीचवर जातो, सूर्य पाण्यात बुडाला की सगळे टाळ्या वाजवतात आणि आजोबा मोठ्ठा शंख फुंकायचे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी उभी राहिले, खरंच, आरतीला उभं राहतो तशी. आमचे हे घरच्या गणपतीत शंख वाजवायचे, त्यांनी दुसऱ्या दिवशी मागून घेतला आणि असा लांब वाजवला की पुढे चालणारे लोक थांबले. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती. मला हा किनारा आपला वाटतो त्याचं कारणही तेच, इथे सूर्य समुद्रात मावळतो. पलीकडच्या बाजूला तो समुद्रातून उगवतो, ते सुंदर असेल पण माझ्या डोळ्यांना तशी सवय नाही.

यंदा नोव्हेंबरात आलो तर पार्क ओळखू येईना. २६ सप्टेंबरला हेलीन, ९ ऑक्टोबरला मिल्टन, पंधरा दिवसांत दोन वादळं, मिल्टन तर इथून जवळच सिएस्टा कीला धडकलं. आमचा कारपोर्टचा पत्रा अर्धा उडाला होता, बारमाही शेजारणीनं तो गोळा करून मागे दोरीनं बांधून ठेवला होता, तोवर आम्हाला एक फोटो नाही की मेसेज नाही, म्हणाली उगाच तिकडे बसून काळजी केली असती. दोन हजार किलोमीटर गाडी चालवून आलेलो, सामान उतरवलं नाही तोच मी चक्कर मारायला निघाले, कोण कोण आलंय बघायला. दर वर्षी करते तेच. खिडकीवरच्या फळ्या निघाल्या का, लनाईत दिवा आहे का. लनाई म्हणजे जाळीची पडवी, सगळं आयुष्य तिथेच. ओहायोवाल्यांच्या फळ्या तशाच. मला वाटलं वादळामुळे उशीर झाला असेल. शनिवारच्या कॉफीला कळलं की आजोबा जुलैमध्येच गेले.

जुलै. मी जुलैमध्ये काय करत होते आठवायचा खूप प्रयत्न केला. त्या महिन्यात मी त्यांच्यासाठी बिनतिखटाच्या वड्याचं सारण कसं करायचं ते ठरवत होते, त्यांना मिरची सोसायची नाही म्हणून. पाच महिने रोज भेटणारा माणूस, त्याची गुडघ्याची तक्रार, नातीचं कॉलेज, बायकोच्या आठवणी सगळं मला माहीत, आणि तो गेल्याचं कळायला चार महिने. त्यांच्या मुलाकडे आमचा नंबर नव्हता, आमच्याकडे त्याचा नव्हता. कुणाची चूक नाही. पण मला ते सहन झालं नाही, अजून होत नाही.

डिसेंबरात मुलगा घर रिकामं करायला आला, ह्यांना शोधत आला, शंख हातात दिला. म्हणाला बाबा सांगायचे तिथे एक इंडियन आहे तो माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. हे काही बोललेच नाहीत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांना वाजवताना श्वास पुरला नाही.

त्याच आठवड्यात मी एक वही सुरू केली. दोनशे पानी, पब्लिक्स या इथल्या सुपरमार्केटमधून आणलेली. घरोघर गेले. नाव, उन्हाळ्याचा पत्ता, मुलाचा किंवा मुलीचा फोन, आणि काही झालं तर कुणाला कळवायचं. काहींना विचित्र वाटलं, इंडियानावाले म्हणाले आम्ही इतक्यात कुठे जात नाही, मी म्हटलं जाऊ नका पण नंबर द्या. बहुतेकांनी दिले. एकीला मुलाचा नंबर लिहिताना फोनमध्ये बघायला लागला आणि मग ती बराच वेळ सांगत बसली की पूर्वी सगळ्यांचे नंबर पाठ असायचे. फेब्रुवारीत टोरांटोकडे पाठोपाठ दोन मोठे बर्फ पडले, लेकीनं फोटो पाठवला, गाडी दिसतच नव्हती, तेव्हा क्लबहाऊसमधल्या सगळ्या ऑन्टारिओवाल्यांना मी वहीतून फोन लावून दिले, मुलं ठीक आहेत ना विचारा म्हणून. त्या दिवशी वहीला पार्कात मान मिळाला.

मिशिगनवालीनं मात्र लिहिलं नव्हतं. नंतर बघू म्हणायची.

जानेवारीपासून हवा वेगळीच झाली. कॅनडा अमेरिकेचं टॅरिफवरून जे चाललंय ते क्लबहाऊसमध्ये कुणी बोलत नाही, तसा नियमच आहे आमचा, पत्त्यांच्या टेबलावर राजकारण नाही. पण सडबरीच्या जोडप्यानं फेब्रुवारीत कॅनडाचा झेंडा उतरवून ठेवला, लालपांढरा. मी विचारलं नाही. आमच्या डॉलरचे इथले ७० सेंटही येत नाहीत, प्रवासाचा इन्शुरन्स वयाबरोबर वाढतोय, जागेचं भाडं वाढलं, आणि आता लँड बॉर्डरवरून येऊन ३० दिवस किंवा जास्त राहणाऱ्यांना ११ एप्रिलपासून नाव नोंदवायचंय. आमच्या गल्लीतच तीन कॅनेडियन घरांवर फॉर सेलची पाटी. ह्यांनी पण एकदा कागद घेऊन हिशोब मांडला. मी म्हटलं कर हिशोब, पण त्यात मंगळवार कुठे लिहिणार ते सांग. त्यांनी कागद घडी करून ठेवला, टाकला नाही.

हां, आंब्याचं सांगायचं राहिलं. समोरच्या झाडाला जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर येतो, वास थेट माझ्या लनाईत. मग बारीक कैऱ्या दिसायला लागतात आणि आम्ही निघतो. फळ पिकतं जूनच्या पुढे. नऊ हिवाळे मोहोर बघितला, या झाडाचा एक आंबा खाल्लेला नाही. बारमाही शेजारीण दर वर्षी कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवते, प्रेमानंच पाठवते. आज डहाळी तोडताना तिनंच हात धरून सांगितलं, ही घे, हिला फळ नाही लागलेलं.

दुपारी श्रीखंड पुरी केली. ग्रीक योगर्ट रात्रभर टांगला, छान झालं. मिशिगनवाली तीन वाजता आली, नेहमीप्रमाणे विचारलं आज तुमचा फ्लॅग डे ना. हो म्हटलं. खाऊन झाल्यावर तिनं सांगितलं की मुलगा १५ एप्रिलला विमानानं न्यायला येतोय, गाडी तो ठेवू देणार नाही, इथेच विकायची. घराचं मे मध्ये ठरवतील. पुढच्या वर्षी कदाचित नाही जमणार. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, गुढीकडे बघत होती, साडी वाऱ्यानं फडफडत होती.

मग म्हणाली वही आण.

लिहिलं तिनं, मोठ्या अक्षरात, मुलाचा नंबर, सुनेचा नंबर, लॅन्सिंगचा पत्ता, आणि खाली स्वतःचा, वर लिहिलं की मंगळवारी दोन वाजता फोन करणे, तेव्हा मी घरीच असते.

संध्याकाळी सगळे बीचवर गेलो. ओहोटी होती, दोन पोरं ती लांब दांड्याची जाळी घेऊन शार्कचे काळे दात चाळत होती, तिला इथे फ्लोरिडाचं बर्फाचं फावडं म्हणतात. पावणेआठच्या सुमारास सूर्य गेला, टाळ्या झाल्या, ह्यांनी शंख वाजवला, आज लांब वाजला. परत येताना गुढी उतरवली. मिशिगनवाली तिची निळी खुर्ची घेऊन आमच्या दारात उभी. जूनपासून वादळांचा सीझन, बाहेर काही ठेवायचं नसतं म्हणून जाण्याआधी सगळे आपापल्या खुर्च्या आत टाकतात, पण तिच्या घराचं काय होणार माहीत नाही. म्हणाली तुमच्या शेडमध्ये ठेव. मी ठेवली, आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून, तिच्यापुढे माझी. उद्या परवा तिला बीचवर लागेल तेव्हा काढू परत, अजून ती पंधरा तारखेपर्यंत आहे, आम्ही आठपर्यंत.

परवा मंगळवार. आमचा यंदाचा शेवटचा डाव.