हिरडीच्या आधी चेहरा मोजला : माझा अनुभव

शाळेपासून माझ्या प्रत्येक फोटोत ओठ मिटलेले आहेत, कारण हसले की दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसत. सव्विसाव्या वर्षी मी एका दवाखान्यात गेले, तेव्हा लेझरने एकाच बैठकीत हिरडी कापून देतो, असे मला सांगण्यात आले. माझा चेहरा तिथे कोणीही मोजला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरे मत घ्यायला मी एका ऑर्थोडॉन्टिस्ट (दात आणि जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या डॉक्टर) बाईंकडे गेले. त्यांनी मला ओठ सैल सोडायला सांगून छोट्या पट्टीने मापे घेतली आणि चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला. वरचा ओठ एकवीस मिलिमीटर, म्हणजे पुरेसा लांब होता. समोरच्या दाताची उंची दहा मिलिमीटर, म्हणजे दात हिरडीखाली झाकलेलाही नव्हता. मात्र ओठ सैल असताना दोन ते चार मिलिमीटर दात दिसावा, तिथे माझा सहा दिसत होता आणि हसल्यावर त्यावर आणखी सहा मिलिमीटर हिरडी दिसत होती. वरच्या जबड्याची उभी वाढ थोडी जास्त झाल्याने नाकाखालचा चेहरा लांबट होता, शिवाय समोरचे दात खाली उतरले होते. अशा स्थितीत निरोगी हिरडी कापली असती, तर दात लांबुडके दिसले असते, दातांची मुळे उघडी पडण्याची भीती होती आणि मूळ कारण तसेच राहिले असते.

जबड्याचे हाड वर बसवण्याची शस्त्रक्रिया हा एक मार्ग होता, पण माझ्या मापांना तो आवश्यक नाही, असे त्यांनी सांगितले. त्याऐवजी समोरचे दात वर सरकवायचे ठरले. दातांना तारा बसवल्यावर काही महिन्यांनी, सुळे आणि त्यांच्या पुढचे दात यांच्या मुळांच्या मधल्या हाडात टायटॅनियमचे दोन बारीक स्क्रू बसवले; त्यांच्या आधाराने दात वर ओढायचे होते. ते दीड मिलिमीटर जाडीचे होते. भूल दिलेली असल्याने दुखले नाही. स्क्रू फिरताना नाकाच्या मुळापर्यंत दाब मात्र जाणवला. तिसऱ्या महिन्यात डावा स्क्रू सैल होऊन जिभेला हलताना लागू लागला, तेव्हा मी घाबरले. असे होऊ शकते, हे बाईंनी आधीच सांगितले होते. त्यांनी तो काढून थोडा बाजूला नवा बसवला.

ओढ मुद्दाम अगदी हलकी ठेवली होती, कारण जोर जास्त झाल्यास मुळांची टोके झिजतात. मुळे तपासण्यासाठी मध्येच पुन्हा एक्स-रे काढले. दात वर सरकले तशी हिरडीही बरीचशी त्यांच्याबरोबर गेली. दात आणखी वर घ्यावेत, असा हट्ट मी धरला, तेव्हा बाईंनी स्पष्ट नकार दिला : वयानुसार ओठ खाली येतो, आज जास्त सरकवले तर पुढे बोलताना दातच दिसणार नाहीत. हा नकार मला सर्वांत मोलाचा वाटतो.

वीस महिन्यांनी तारा निघाल्या. आता ओठ सैल असताना तीन मिलिमीटर दात दिसतो आणि हसताना साडेतीन मिलिमीटर हिरडी. चेहरा अजूनही थोडा लांबट आहे. दात पुन्हा खाली उतरू नयेत म्हणून रात्री रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारे साधन) लावते. गेल्या महिन्यात बहिणीच्या साखरपुड्यात फोटोग्राफरने हसायला सांगितले, तेव्हा माझा हात तोंडाकडे गेला नाही.