गळ, भरती आणि घरी परतायची वेळ

गळ टाकायचा नाद असलेल्या माणसाच्या घरात भांडण सहसा माशावरून होत नाही, परतायच्या वेळेवरून होतं. ‘अहो, कधी येणार?’ याला ‘बघू, लागला की निघतो’ असं उत्तर मिळालं की घरच्या माणसाचा अख्खा दिवस टांगणीला लागतो. स्वयंपाक किती जणांचा, मुलाला क्लासला कोण सोडणार, संध्याकाळी कुणाकडे जायचं कबूल केलंय त्याचं काय, सगळंच अडकून राहतं. नाशिककरांना तर हे जास्तच लागू आहे. आपल्याला सोयीचा समुद्र म्हणजे केळवे, शिरगाव ते डहाणू हा पट्टा. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूला साडेतीन-चार तास. पण परतायची वेळ आधी सांगता येते, अगदी महिनाभर आधीसुद्धा. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

किनारपट्टीवरचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, आकडा तोच, आणि दुसरी भरती साधारण बारा तासांनी. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या सुमारास. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून आदल्या दिवशी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघून पक्कं करावं. पण महिन्याचं ठरवायला पाऊणकी पुरेशी आहे.

काठावरून गळ टाकणाऱ्याच्या कामाचे तास तीनच. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन आणि नंतरचा एक. हे किनारे सपाट आहेत, ओहोटीला पाणी लांबवर आत जातं आणि गळ पडतो तो गुडघाभर पाण्यात. बोय, ढोमा, शिंगाळा हे मासे चढत्या पाण्याबरोबर चरायला काठाशी येतात आणि पाणी वळलं की तासाभरात मागे सरतात. त्यानंतर बसून राहणं म्हणजे नुसतं बसणं. ‘अजून अर्धा तास थांबू’ हा मोह घर बिघडवतो आणि त्या अर्ध्या तासात मासाही मिळत नाही.

आता हे तीन तास घरच्या दिवसावर ठेवून बघा. द्वादशीला भरती नऊची, म्हणजे सात ते दहा गळ पाण्यात. नाशिक पहाटे तीनला सोडायचं, दुपारी सव्वातीनपर्यंत घरी. चतुर्दशीला साडेदहाची भरती, निघायचं साडेचारला, परत पावणेपाचपर्यंत. पौर्णिमेला सहाला निघून संध्याकाळी सव्वासहा. हे सगळे दिवस घराला झेपणारे. याउलट अष्टमीला भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. सकाळची गाठायची तर मध्यरात्री बाराला घाट उतरायचा, संध्याकाळची धरली तर घरी यायला रात्रीचे बारा. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, त्याला ओढच नसते, मासाही कमी फिरतो. दोन्ही बाजूंनी तोट्याचा दिवस, तो सोडून द्यावा. संकष्टीला भरती तीनची. चारला आवरलं तरी चंद्रोदयाच्या सुमाराला कसेबसे दारात, तेही घाटात गाडी पळवून. ज्या घरात संकष्टी असते त्या घरातल्या माणसाने हा दिवस धरूच नये.

म्हणून महिन्याच्या सुरुवातीला दोघांनी मिळून कॅलेंडर बघावं. द्वादशी ते पौर्णिमा किंवा अमावस्या हे टप्पे महिन्यात दोनदा येतात. त्यातला एखादा दिवस शनिवार-रविवारवर पडतो का, तेवढंच तपासायचं. त्यावर आधी लग्नं, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं, माहेरची माणसं लिहायची, आणि उरलेल्यात गळ. एखाद्या महिन्यात एकही दिवस जुळत नाही. मग त्या महिन्यात समुद्र नाही, हे मान्य करायचं.

घरी सांगायची वेळ उलटी मोजायची. शेवटचा गळ काढला दहाला. तिथून वाळू झटकणं, सामान धुणं, मासे साफ करून बर्फात घालणं याला पाऊण तास. रस्त्याला चार, जव्हारला जेवण अर्धा तास. म्हणजे सव्वातीन. घरी मात्र चार सांगावं. घाटात मधेमधे रेंज जाते, म्हणून ‘निघालो’ हा फोन किनाऱ्यावरूनच करावा आणि दुसरा जव्हारहून. रात्री गाडी चालवायची तर दोन चालवणारे हवेत. एकट्याने जाऊन परतताना डुलकी लागणं हा या नादातला सगळ्यात मोठा धोका आहे, लाटेपेक्षाही.

खर्चाचं सरळ बोलावं. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, गाडी लिटरला १५ देत असेल तर २० लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजारांच्या वर. त्यात आमिष, बर्फ, जेवण. ‘ताजे मासे स्वस्तात पडतात’ हे कारण घरात देऊ नये, ते खरं नाही. हा छंदाचा खर्च आहे, सिनेमा-हॉटेलसारखा, आणि तो दोघांना माहीत असलेल्या ठरावीक रकमेतच बसवावा. तेवढीच रक्कम जोडीदाराच्या आवडीलाही हवी. नव्या सामानाचंही तेच: बारा फुटी एक चांगली काठी, ४००० ते ६००० मापाचं एक रील, ०.३५ मिलिमीटरचा तंगूस (गळाची नायलॉन दोरी) आणि ६० ते १२० ग्रॅमची शिशाची वजनं एवढ्यावर हा किनारा भागतो. उधाणाला ओढ वाढते, ६० ग्रॅमचं शिसं वाळूवरून गडगडत काठाला येतं आणि तंगूस शेजाऱ्याच्या तंगुसात गुंततो. म्हणून जड वजनं हवीत. तिसरी काठी कशाला हवी, याचं उत्तर मात्र फार कमी जणांकडे असतं.

घरातला दुसरा वाद फ्रिजचा. आमिष उघड्या पिशवीत फ्रीझरमध्ये टाकलं की दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमलाही वास. कोळंबी सोलून, पाव किलोला दोन मोठे चमचे जाडं मीठ लावून चाळणीत रात्रभर निथळत ठेवावी. पाणी सुटून ती घट्ट होते, गळावरून फेकताना निसटत नाही आणि वासही कमी येतो. मग एका फेरीला लागेल एवढ्याच पुड्या बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि त्या डब्यावर नाव. गांडुळांना फ्रिज लागतच नाही. ओलसर माती आणि पालापाचोळा घातलेली कुंडी सावलीत ठेवली की आठवडाभर निभतं. धरणावरच्या रोहू-मृगळासाठी कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर कापूस घालून गोळा मळतात, कापसामुळे तो गळावर टिकतो. पण घरातली परात त्यासाठी घेऊ नये. पाच लिटरचा एक प्लास्टिकचा टब वेगळा करावा.

मासा घरी न्यायचा तो शिजवायच्या तयारीत न्यावा. दिवसभर घर सांभाळलेल्या माणसाच्या हातात खवल्यांसकट दोन किलोची पिशवी देणं, हे कोणत्याही चुकलेल्या वेळेपेक्षा वाईट. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढायचे. पोटाला शेपटीकडच्या छिद्रापासून कल्ल्यांपर्यंत उथळ चीर द्यायची. सुरी खोल गेली तर पित्ताची हिरवी पिशवी फुटते आणि मांस कडू होतं. कल्ले पूर्ण काढायचे, रक्त लवकर तिथूनच नासतं. पाठीच्या कण्याला लागून रक्ताची काळी रेघ असते, ती अंगठ्याच्या नखाने खरवडायची. जितका मासा तितकाच बर्फ, थर देऊन. आतडी किनाऱ्यावर टाकून येऊ नये, वाळूत खोल पुरावीत.

शिंगाळा मिळाला तर एक गोष्ट विसरायची नाही. पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन असे तीन काटे पक्कडीने मुळाशी कापूनच तो पिशवीत घालायचा. त्या काट्यांना विष असतं. मेलेल्या माशाचा काटासुद्धा टोचला तर हात ठणकतो, आणि टोचतो तो बहुधा पिशवी उघडणाऱ्याला. टोचलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवावा, कळ उतरते. सूज वाढली किंवा काटा आत मोडला तर डॉक्टरकडे.

ज्या महिन्यात समुद्र जुळत नाही, त्यात धरणं आहेत. गंगापूर, वालदेवी, मुकणे ही सगळी शहरापासून तासाभराच्या आत. धरणातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, तिथल्या माणसाला विचारून बसावं. भिंत आणि पाणी उपशाची जागा टाळावी. नांदूरमधमेश्वरला मात्र गळ न्यायचाच नाही, ते पक्षी अभयारण्य आहे. धरणाची वेळ घराशी छान जमते. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते आठ. डिसेंबर-जानेवारीत उलट, पाणी गार असतं आणि ऊन चढेपर्यंत मासा हलत नाही. तेव्हा पोरांना शाळेत सोडून, घरचं आवरून दहाला गेलं तरी काही गमावत नाही. थंडीत पहाटे अंथरुणातून उठून सगळ्यांची झोपमोड करायला काहीच कारण नाही.

कुटुंबाला घेऊन केळव्याला जायचं तर काठी घरी ठेवावी. शीतलादेवीचं दर्शन, सुरूच्या झाडांखाली जेवण, मुलांना वाळू, एवढाच तो दिवस. जोडीदारालाच गळ शिकायचा असेल तर गोष्ट वेगळी. मग पहिल्यांदा धरणावर, हलकी काठी त्यांच्या हातात आणि आपली गाडीत.

जून ते ऑगस्ट समुद्रकाठ धोक्याचा असतो. धरणात मासा अंड्यावर असतो, पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्यावी. श्रावणात कित्येक घरांत मासा शिजतही नाही. ते महिने घराचे. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटण्यावरचा ब्रेक, आवळून ते गोड्या पाण्याने वरवर धुवावं, पाण्यात बुडवून ठेवू नये, नाहीतर मीठ आत शिरतं. पुसून ड्रॅग सैल करावा, हँडलला तेलाचा एक थेंब द्यावा आणि सगळं एकाच कपाटात, एकाच कप्प्यात ठेवावं. जुना तंगूस काढून बोटाबोटाएवढे तुकडे करूनच कचऱ्यात टाकावा. लांब तसाच टाकला तर त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.