बोनस जमा झाल्यावर

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत बोनस खात्यावर पडेपर्यंत पोरं गप असतात. दिवाळीची सुट्टी संपली की राजीनामे सुरू. यंदा आमच्या मशीन शॉपमधले दोन ऑपरेटर एकाच सकाळी गेले, तेही व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून. मी प्रॉडक्शन बघतो. मालकांचा फोन आलाच, "शिकवायचं आपण आणि न्यायचं पुण्याच्या चाकणवाल्यांनी!"

त्याच बॅचचा तिसरा पोरगाही जाणार, असं सगळे धरून चालले होते. तिघं अप्रेंटिस म्हणून एकत्रच आलेले. आयटीआयवाल्याला 2019 च्या नियमांप्रमाणे किमान स्टायपेंड तेव्हा 7000 होता, त्यातले 1500 सरकारचे. म्हणजे आम्हाला पोरगा साडेपाच हजारांत पडत होता. पुढं कायम केल्यावर पंधरा हजार. चाकणला एकवीस मिळतात.

पण हा पठ्ठ्या व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर उभा. व्हॉल्व्ह बॉडीचं नवीन सेटिंग चाललेलं. मामा, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणारे आमचे जुने सेटर, हाताची घडी घालून मागं. पोरानं झीरो, म्हणजे मापाची सुरुवातीची जागा घेतली, मशीनला ती सांगणाऱ्या जी 54 मध्ये व्हॅल्यू टाकली, पहिला जॉब, म्हणजे नग काढला आणि बोअरमध्ये, म्हणजे भोकात माप घ्यायची डायल फिरवली. दोन शतांश मिलिमीटर कमी. त्यानं मामांकडं पाहिलं. मामा म्हणाले, "मला काय विचारतोस? ऑफसेट दे की." तेवढी दुरुस्ती त्यानं मशीनला दिली. दुसरा जॉब ओके.

जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "तू नाही गेलास?"

"सर, तिथं नुसतं लोडिंग-अनलोडिंग. कंट्रोलला हात लावू देत नाहीत. खोली, मेस वजा केली तर हातात तेवढंच राहतंय."

गेलेल्या दोघांना मी दोष देत नाही. ते सेकंड शिफ्टला, तिथं सेटरच नाही. शिकायला मिळत नाही आणि पगारही कमी, मग थांबायचं कशासाठी? बोनसच्या मिठाईसाठी?

दुपारी मालकांना म्हटलं, याला सेटरची ग्रेड द्या, तीन हजार वाढवा. ते म्हणाले, "तो कुठं मागतोय? एप्रिलमध्ये बघू."

न मागणाऱ्याला कमी द्यायचं, हा आमच्याकडचा जुना हिशोब. पण एप्रिलपर्यंत हा स्वतः प्रोग्रॅम लिहायला लागेल, आणि मग चाकणवाले त्याला ऑपरेटरचा नाही, सेटरचा पगार सांगतील.