खाण पाण्यानं भरते, सडा भरून येत नाही

बेळगाव, श्रावणातला शेवटचा शनिवार

आज दादाशी चांगलंच वाजलं आणि ते मिटलेलं नाही. डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहून काढते.

जांबोटीच्या वाटेवर, आमच्या शेताच्या वरच्या अंगाला चिऱ्याची जुनी खाण आहे. बरीच वर्षं बंद आहे. तिला लागून असलेला सडा, म्हणजे कातळाचा सपाट माळ, आता कुणीतरी नव्या खाणीसाठी मागितलाय आणि दादाला त्यात काही वावगं वाटत नाही. "तूच सांगितलीस की ती लीड्सची गोष्ट. कोळसा काढून झाला, पाणी भरलं, पाखरं आली. हितं पण तसंच होतंय बघ. मग नको कशाला म्हणायचं?"

ती गोष्ट मीच घरात सगळ्यांना सांगितली होती. मे महिन्यात इंग्लंडमधे लेकाकडं होते तेव्हा तो मला सेंट एडन्सला घेऊन गेला. लीड्स आणि कॅसलफर्डच्या मधे, एअर नदीच्या काठी ही उघडी कोळशाची खाण होती. १९८८ साली नदीचा काठ ढासळला, पाणी खाणीत घुसलं आणि सगळं बुडालं. पुढं नदी आणि कालवा दोन्ही वळवून, पाणी उपसून उरलेला कोळसा काढला, तेव्हा कुठं ती जागा मोकळी झाली. आता तिथं साडेतीनशे हेक्टरांवर तळी, गवताळ माळ आणि वेतासारख्या उंच बोरूची बेटं आहेत. आरएसपीबी ही पक्ष्यांसाठी काम करणारी संस्था ती सांभाळते. वाटेतच कोळशावरची माती उपसणारं बाराशे टनांच्या आसपासचं अवाढव्य यंत्र जपून ठेवलंय, ऑडबॉल त्याचं नाव. लेक म्हणाला, हे एकेक पाऊल टाकत चालायचं. मला ते खरं वाटायला वेळ लागला.

तिथं बोरूत बिटर्न ऐकला. बगळ्याच्या जातीचा, तपकिरी रंगाचा, दिसतच नाही. आवाज मात्र रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा, घुमत लांबवर जातो. १९९७ साली साऱ्या ब्रिटनमधे असे घुमणारे फक्त ११ नर उरले होते. बोरूची बेटं राखली, नवी केली, तशी त्यांची संख्या पुन्हा वाढत गेली. ज्या खड्ड्यात काही वर्षांपूर्वी कोळशाची धूळ उडत होती तिथं तो आवाज ऐकताना मला भरून आलं होतं. ते मी आजही नाकारणार नाही.

आमची जुनी खाणही मला मनापासून आवडते. आज तिच्यात उतरले. भिंतीवर चिरे कापणाऱ्या मशीनच्या पात्याचे अर्धगोल ओरखडे अजून आहेत आणि प्रत्येक ओरखड्यात शेवाळाची बारीक हिरवी ओळ धरलीय. वरचा जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, टणक, भोकाभोकांचा. त्याच्या खाली पांढरट-पिवळी मऊ माती लागते, त्यात खंड्यानं बीळ केलंय. बिळाच्या तोंडाखाली विष्ठेचा पांढरा ओघळ होता. पाण्यावर लाल चतुर एकमेकांना हुसकावत होते. खाण नको असं म्हणणाऱ्या माणसालाही इथं बसावंसं वाटेल, इतकी ती जागा छान झालीय.

तरीही दादाचं गणित मला पटत नाही. का पटत नाही ते तिथं वर, सड्यावर चढून आल्यावर नीट उमगलं.

लीड्सला जे काढलं ते जमिनीच्या पोटात होतं आणि वरची जमीन आधीपासूनच खाणींनी, कालव्यांनी उलथीपालथी झालेली. आमच्याकडं जे काढतात ती जमिनीची वरची पाठच आहे. लाखो वर्षांच्या पावसानं खडकातली वाळूची द्रव्यं धुवून नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं ठेवलं, त्याचा हा जांभा झाला. सड्यावर माती जेमतेम बोटभर. कातळाच्या खोलगट जागांत पाणी साठतं, झिरपतं, दसऱ्यानंतर ठणठणीत वाळतं. एवढ्यात जी झाडं जगतात त्यातली बरीच दुसऱ्या मातीत तग धरत नाहीत.

आज गुडघे टेकून बघितलं. सीतेची आसवं नुकतीच फुलायला लागलीत, जांभळी, नखाएवढी. तिच्या मुळांसारख्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात, त्यात ती पाण्यातले किडे पकडते, कारण या कातळावर नत्र मिळतच नाही. शेजारी दवबिंदू, हेही किडे खाणारं झाड. त्याच्या एका पानावर चिलट चिकटलं होतं, पाय हलत होते, आणि पानाचे लाल केस एकेक करून त्याच्यावर वाकत होते. पांढरे गेंद तर पाय ठेवायला जागा ठेवत नव्हते.

यातलं एकही फूल खालच्या खाणीत नाही. मी काठाकाठानं फिरून मुद्दाम शोधलं. तिथं कमळाची पानं आहेत, लव्हाळा आहे, घाणेरी आणि रानमोडी आहे. बंद पडल्यापासूनच्या सगळ्या पावसाळ्यांत सड्यावरचं एक बी तिथं रुजलं नाही, आणि वरून खाली अंतर तरी किती? दहा पावलं. खाणीनं आपलं वेगळं काहीतरी दिलं हे मान्य, पण जे गेलं ते तिला परत देता आलेलं नाही.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फुलांनं पोट भरतंय होय?" वहिनी मधे पडली, "अवो, पण हिरीचं पाणी?" तिचा मुद्दा माझ्यापेक्षा सरळ होता. भोकाभोकांचा जांभा पावसाचं पाणी मुरवतो, म्हणून खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही थोडं पाणी असतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दादा गप्प बसला. पटलं असं म्हणाला नाही.

आमच्याच खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, १९० चौरस किलोमीटरचं. तिथल्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ कितीतरी दशकं जगात दुसरीकडं कुठं सापडलंच नव्हतं. अभयारण्याची हद्द जिथं संपते तिथं सडे संपत नाहीत, पण त्यांना कुणी वाली नाही. सरकारी कागदावर ती पडीक जमीन.

पंचायतीत अर्ज द्यायचा ठरवलंय. दोनच गोष्टी मागणार: जुन्या खाणीत कुणी कचरा टाकू नये, आणि वरचा सडा खाणीला देऊ नये. अर्ज कन्नडमधे लागतो, तो वहिनीची भाची लिहून देणार आहे. सोबत फोटो हवेत, म्हणून पुढच्या रविवारी तिला घेऊन परत वर जायचंय. दसऱ्यापर्यंत थांबलो तर सडा वाळून करडा होईल आणि बघायला येणारा म्हणेल, इथं आहेच काय?